खड्डा पडतो का बघू

माणसाच्या आजारपणावर पहिला हक्क पाहुण्यांचा असतो. डॉक्टरांचा त्यानंतर, आणि रोग्याचा, काही उरलाच तर. कोल्हापूरने हे तत्त्व मनापासून स्वीकारले आहे. त्यामुळे येथे कोणालाही एकट्याने आजारी पडता येत नाही.

शाहूपुरीतल्या मीनाक्षीबाई हायस्कुलात गणित शिकवतात. छातीतली गाठ काढताना काखेतल्या ग्रंथीही काढाव्या लागल्या आणि पुढे उजवा हात सुजला. त्यांची मागणी क्षुल्लक होती: शाळा उघडेल तेव्हा फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात त्याच हाताने तारीख लिहिता यावी. त्यासाठी अंतरा नावाची प्रशिक्षित मुलगी घरी येऊन मसाज करू लागली. कातडीखाली साचलेले पाणी बोटांच्या अगदी हलक्या स्पर्शाने पुढे सरकवायचे, एवढाच हा उपचार. जोर मुळीच लावायचा नाही. सूज उतरूही लागली.

आता, ज्या शहरात तालमीतला रगडा खाल्ल्याशिवाय मालिश झाल्याची खात्री पटत नाही, तिथे न ओरडता बरे होणे हा संशयास्पद प्रकार आहे. (शंभरातल्या नव्वद पाहुण्यांना मसाज कळतो. उरलेले दहा चहा संपेपर्यंत शिकतात.)

मीनाक्षीबाईंचे यजमान वसंतराव, त्यांचे मामा गणपतराव. जुने पैलवान. ते कागलहून बघायला आले आणि अंतराचे काम पाहून हळहळले.

"ह्यो मसाज हाय व्हय? म्हशीवर माशी बसती ती तरी जोरात बसती की!"

"मामा, दाबायचं न्हाय म्हणून सांगितलंय," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

"तू गप बस, पोरी. पैलवानाचा हात हाय, काय हुत न्हाय."

अंतरा गेल्यावर मामांनी बाह्या सरसावल्या. वसंतरावांनी त्यांना अडवले नाही. बायकोचा हात पुन्हा सुधारता येतो. मामा एकदा रुसले की पुढच्या लग्नकार्यापर्यंत रुसलेले राहतात. वसंतरावांनी तेल आणून दिले, तेही कोमट करून.

सकाळी हात टम्म फुगला होता. अंतराने पहिल्यापासून सुरुवात केली. मीनाक्षीबाईंनी डाव्या हाताने पाटी लिहून दारावर लावली: 'पेशंटच्या हाताला हात लावू नये.' शेजारच्या शालूबाईंनी ती उंबऱ्यात थांबून, आदराने, मोठ्याने वाचली.

"डाव्या हातानं लिवलंय? अक्षर झ्याक हाय की! मग उजव्याला झालंय तरी काय? बघू!"

आणि अंगठ्याने दाबून पाहिले. सुजेवर दाबले की खड्डा पडतो, आणि पडलेला खड्डा बरोबर आलेल्यांना दाखवावा लागतो. त्यांनाही मग स्वतःचा पाडून बघावा लागतो. त्याशिवाय भेट पूर्ण होत नाही.

शाळा उघडली. उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही. तारीख फळ्याच्या खालच्या कडेला, डाव्या हाताने लिहिली गेली. मला फार वाईट वाटले, अगदी खरे सांगतो.

अंतरा अजून येते. सूज पुन्हा उतरू लागली आहे आणि आता घरात फक्त समजूतदार माणसांना प्रवेश आहे. तेव्हा रविवारी आपण जरूर जाऊन या. आपण काही गणपतराव नाही, शालूबाई नाही. आपण हे सगळे वाचले आहे. आपण जोर लावणारच नाही. फक्त एकदा, अगदी हलकेच, खड्डा अजून पडतो का, तेवढे बघाल.