नाकावरचा तील

साखळीच्या बाजारात जुआंव टेलरच्या पाटीवर रोज सकाळी एक गांडूळ उगवायचं. जुआंव ते ओल्या फडक्याने पुसायचा, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. ते काढणारा खडू आमच्या शेजारच्या सदूबाबांच्या खिशात असायचा.

गांडूळ कसलं, तो तील. पोर्तुगिजांच्या लिपीत अक्षराच्या डोक्यावर बसणारी वळवळती रेघ. ती दिसली की उच्चार नाकातून काढायचा. सदूबाब पोर्तुगीज अमदानीत शिकलेले. पोर्तुगीज गेले, त्यांची भाषा कचेऱ्यांतून गेली, तील तेवढा सदूबाबांकडे राहिला. "पाटयेर तील ना," असं ते पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा मी विचारलं की संक्रांतीला अजून अवकाश आहे ना? आठवडाभर अबोला धरला म्हाताऱ्याने.

तील नसलेला शब्द त्यांच्या लेखी नकटा. "शब्दाचें नाक कापलां," म्हणायचे. आपण पाव खातो, ते पांव खात. एकदा हॉटेलात उत्तरेकडून नव्यानेच आलेल्या वेटरला त्यांनी 'दो पांव' सांगितले. तो बिचारा टेबलाखाली वाकून त्यांचे पाय बघायला लागला.

मराठीही सुटली नाही. शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि जुने अनुस्वार गेले, याचा त्यांना कोण राग! राजभाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा कोंकणीवाले सही मागायला आले. "नाकांतलें सगळें बरयतले, न्हय?" नाकातलं सगळं लिहिणार ना, एवढंच विचारून त्यांनी सही ठोकली. संध्याकाळी मराठीवाले आले, त्यांनाही तेच विचारून सही. मग दोघांनीही त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि त्यांची कटकट ऐकायला मी एकटा उरलो. घटक राज्य झालं, गावभर पेढे वाटले, तर हे पेढा खाता खाता म्हणतात, "राज्य मेळ्ळें, पूण तील गेलो."

शेवटी वैतागून मी विचारलंच, की या नाकाच्या उठाठेवीतून तुम्हाला मिळतं काय? तेव्हा कळलं. त्यांचा थोरला भाऊ मुक्तीच्या आधी लिस्बनला शिकायला गेला, तिथेच संसार केला, तिथेच वारला. पुन्हा भेट नाही. त्याच्या मुलाला पोर्तुगीज सोडून फारसं काही येत नाही. सदूबाबांचं लग्न झालेलं नव्हतं. रक्ताचं म्हणून हे एवढंच पोर.

"तो केन्नाय येतलो. म्हजें उलोवप ताका कळ्ळें ना जाल्यार? आमचें घर थंयच सोंपलें."

कधी आलाच पुतण्या आणि आपलं बोलणं त्याला कळलं नाही, तर घर तिथेच संपलं, ही त्यांची धास्ती.

आणि तो खरंच यायचा ठरला. सदूबाब तुळशीपाशी उभे राहून एकच वाक्य घोकायला लागले: भावाचा मुलगा म्हणजे माझं काळीज, असं काहीतरी. भावाला इर्मांव, काळजाला कुरासांव, नुसते तीलच तील. गळा साफ राहावा म्हणून पहाटे विहिरीच्या गार पाण्याने गुळण्या. परिणाम व्हायचा तोच झाला. ऐन दिवशी नाक असं चोंदलं की ओवा झाला, निलगिरी झाली, वाफ झाली, ढिम्म हललं नाही. टॅक्सी दारात थांबली तेव्हा म्हातारा रडवेला होऊन मला म्हणतो, तूच बोल. कपाळ माझं! मला आभाराच्या 'ओब्रिगाद'च्या पुढे एक शब्द येत नाही.

पोरगा उतरला. सदूबाब पुढे झाले आणि बोलले. इर्माव. कुरासाव. एकाही शब्दाला नाक नाही.

तो जागीच थबकला. सदूबाबांनी मान खाली घातली.

मग पोरगा हसला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने मला सांगितलं, की जन्म तिथे काढूनही बाबांना हे नाकातले उच्चार कधी जमले नाहीत. घरी आम्ही त्यांची नक्कल करायचो. ते गेल्यापासून असं बोलणारं कुणी ऐकलं नव्हतं.

मी ते सदूबाबांना सांगितलं. पोराने त्यांचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी म्हटलं. काय म्हणतो, मी विचारलं.

"परत म्हण, म्हणटा."

त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, पहिल्यापासून. सर्दीचं मात्र त्याला सांगितलं नाही.