गणपती जरा सरकवा

यशोवर्धनने आजवर स्वतःच्या हाताने एकच काम पहिल्या फटक्यात जमवलं, ते म्हणजे व्हॅनच्या डॅशबोर्डवर गणपती बसवणं. आयुधपूजेचा, म्हणजे आपल्या खंडेनवमीचा दिवस होता. बेंगळुरूत, येलहंकातल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांना झेंडूचे हार, बॉनेटला कुंकू, चाकाखाली लिंबं असा थाट चालला होता. दुकानदाराने मूर्तीबरोबर चिकटपट्टी दिली होती, पण नुसत्या चिकटपट्टीवर देव ठेवणं यशोवर्धनला पटेना. त्याने शेजाऱ्यांचं ड्रिल मागून आणलं आणि दोन इंची स्क्रूने देव असा आवळला, की व्हॅन उलटली असती तरी देव जागचा हलला नसता. बायकोने, वीणाने, टाळ्या वाजवल्या. तिचे वडील विठोजीमामा मात्र स्क्रूकडे बघत राहिले.

"दोन इंची?" एवढंच ते म्हणाले. यशोवर्धनला ते कौतुक वाटलं.

व्हॅन मामांचीच. निपाणीत त्यांचं चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. या व्हॅनची वायरन् वायर त्यांनी स्वतः नव्याने ओढली होती. मामी गेल्यावर दुकान बंद करून ते लेकीकडे आले, ते याच व्हॅनमधून. बेंगळुरूत त्यांचं दुसरं काही नव्हतं. दर रविवारी जावई व्हॅन चालवणार, मामा शेजारी बसणार, देवनहळ्ळीच्या किल्ल्यापर्यंत जायचं, इडली खाऊन परत यायचं. त्या दोन तासांसाठी ते सोमवारपासून तयार असत.

पुढच्या रविवारी डावीकडे वळताना हॉर्न वाजला. यशोवर्धनने दाबला नव्हता. पुढचा रिक्षावाला दचकून मागे बघत कन्नडमध्ये बरंच काही बोलला. यशोवर्धनला कन्नड येत नसल्यामुळे त्याने हसून हात हलवला. रिक्षावाला आणखी बोलला.

मग हे सुरूच झालं. कधी वाजायचा, कधी आठवडाभर गप्प. आता यशोवर्धन बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. चुका शोधण्याचाच पगार घेणारा माणूस (त्याच्या स्वतःच्या चुका वीणा शोधायची, तेही बिनपगारी). त्याने लगेच एक्सेल शीट उघडली. तारीख, वेळ, तापमान, वळण, गाडीत कोण. अकरा नोंदींवरून एवढंच सिद्ध झालं, की गुरुवारी हॉर्न वाजत नाही. गुरुवारी व्हॅन बाहेर काढतच नव्हते.

गॅरेजमध्ये नेली की व्हॅन शाळा तपासायला साहेब आल्यावर बसणाऱ्या पोरासारखी शहाणी व्हायची. "एनू इल्ला सार, काही प्रॉब्लेम नाही," म्हणत मेकॅनिकने आधी हॉर्नचं बटण बदललं, मग रिले, मग खुद्द हॉर्न. नवा हॉर्न जुन्यापेक्षा मोठ्याने वाजू लागला.

"जावईबापू," मामा एकदा हळूच म्हणाले, "तो गणपती स्वल्प सरकवून बघा की."

यशोवर्धनने त्यांना प्रेमाने समजावलं, की विद्युतप्रवाह आणि देव यांचा संबंध नसतो. मामा कन्नडमध्ये "सरी", म्हणजे "बरं", म्हणाले. आठवड्याने पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा तर, "निदान महिनाभर घरात ठेवू देवाला," म्हणाले.

"तुझ्या बाबांना वाटतंय देव कोपलाय," यशोवर्धन वीणाला म्हणाला. "वायरिंगवाला माणूस आणि इतकी अंधश्रद्धा!"

"बाबा? त्यांनी मला परीक्षेच्या दिवशीसुद्धा देवाला नमस्कार करायला लावलं नाही कधी."

"वय झालं की होतं असं," यशोवर्धन म्हणाला. या वाक्याची त्याला अजून लाज वाटते. पण त्याहून वाईट वाक्य पुढेच होतं.

एका रविवारी गेटमधून डावीकडे वळताना सोसायटीचे सेक्रेटरी कृष्णमूर्ती दुधाच्या पिशव्या घेऊन समोरून चालले होते. हॉर्न असा कडाडला, की कृष्णमूर्ती एका बाजूला आणि दूध दुसऱ्या बाजूला. चार माणसं जमली. यशोवर्धन घामाघूम होऊन उतरला आणि हिंदीत म्हणाला, "क्या करें सर, ससुरजी की वायरिंग है. गाँव का काम."

मामा शेजारच्या सीटवरच होते. हिंदी त्यांना चांगलं कळत होतं.

घरी परतल्यावर ते आधी उतरले. जिन्याशी म्हणाले, "विकून टाका व्हॅन. जुनं झालं सगळं."

यशोवर्धनने विकली. त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं, हे त्याला आता आठवतही नाही असं तो म्हणतो, पण आठवतं. घेणारा महांतेश अथणीकडचा, देवनहळ्ळीहून फुलं आणून विकणारा. पुढच्या रविवारी मामा सवयीने सकाळी सातला बूट घालून बसले. मग बूट काढले आणि पेपरातल्या जाहिराती वाचत राहिले.

महिन्याने महांतेश व्हॅन घेऊन गेटवर आला. हातात एक पिशवी होती.

"तुमचा गणपती, सर. आणि ह्यो स्क्रू. हॉर्नच्या वायरीचं साल काढून आत घुसला हुता बघा. वळलं की वायर हलायची, स्क्रूला टेकायची, की वाजलाच हॉर्न. धा मिनिटांत मिटलं."

यशोवर्धनने पिशवी घेतली. "व्हॅन परत देतोस?"

"न्हाई सर. असलं वायरिंग आता कोण करतंय? दोऱ्यानं बांधून, एकेक वायर सरळ. कुणी केलंय?"

"आमच्या मामांनी," यशोवर्धन म्हणाला.

वर जाऊन त्याने सगळं सांगितलं. महांतेशचं कौतुक दोनदा सांगितलं. मामांनी स्क्रू हातात घेऊन फिरवला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासनं. सांगितलं की तीनदा."

"सरळ का नाही सांगितलंत? स्वतः काढून का नाही टाकलात?"

"जावयानं पूजा करून बसवलेला देव मी परस्पर काढायचा? आणि चुकलात असं जावयाच्या तोंडावर कसं म्हणायचं?"

"मामा, मी चारचौघांत तुमच्या कामाला नावं ठेवली. माझं चुकलं."

"व्हॅन चांगली हुती," मामा म्हणाले. ती काही परत येणार नव्हती.

गुढीपाडव्याला दुसरी गाडी आली. यशोवर्धनने गणपती बाहेर काढला, तसा मामांनी खिशातून चिकटपट्टीचा तुकडा काढला. दुकानदाराने दिलेला, आयुधपूजेपासून जपून ठेवलेला. यशोवर्धनने मुकाट्याने देव चिकटवला.

"जावईबापू, गणपती जरा सरकवा."

यशोवर्धन खाली वाकून घाईघाईने डॅशबोर्डखाली चाचपू लागला. "कुठली वायर आहे मामा? हॉर्नची?"

"वायर कुठली," मामा म्हणाले. "वाकडा बसवलाय तुम्ही."