पालीतली भरती-ओहोटी

बीडजवळच्या आमच्या पाली गावापासून समुद्र किती लांब, ते मला सांगता यायचं नाही. पण या घडीला तिथं पाणी चढतंय की उतरतंय, हे फाट्यावरचं शेंबडं पोरगंही सांगेल. ही श्रीमंतनानांची कृपा.

मी शिंपी. फाट्यावर माझं दुकान, दुकानापुढं बाकडं आणि बाकड्यावर नाना. मी गिऱ्हाइकाच्या पोटाला टेप गुंडाळलेला असतो, तेवढ्यात नाना घड्याळात बघून जाहीर करतात, "लागली ओहोटी." गिऱ्हाईक दचकून पोट आत घेतं. माप चुकतं, सदरा घट्ट होतो आणि शिव्या मी खातो.

रोज सकाळी येऊन ते माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघतात. माझ्या बायकोला वाटलं, नाना म्हातारपणी देवाधर्माला लागले. तिनं एकदा एकादशीची साबुदाण्याची खिचडी पाठवली. नाना म्हणाले, "खिचडी ठीक हाय, पर मला एकादशीचं पाणी बघायचंय." तिथीवरून भरतीची वेळ काढता येते, अवस-पुनवेला उधाण येतं, असलं सगळं ते कोकणातून शिकून आलेत. आता बीडच्या माणसानं हे कशाला शिकावं?

टवाळ पोरं विचारतात, नाना, आज आपल्या बिंदुसरा धरणावर लाटा केवढाल्या? नाना शांतपणे सांगतात, "तिथं कसल्या लाटा बे? ते अडवलेलं पाणी. पाण्याला येणं-जाणं पायजे."

हे दुसरं कुणी बोललं असतं तर मी मान डोलावली असती. पण नाना! या माणसाची सारी हयात ओढ्या-नाल्यांत दगडी बांध घालण्यात गेली. वाहतं पाणी दिसलं की ह्यांचे हात शिवशिवायचे. न्हाणीतलं पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात, आळं भरलं की लिंबाच्या. लग्नाच्या पंगतीत भाताचा गोल बांध घातल्याशिवाय आमटी वाढू द्यायचे नाहीत. "आधी आडवा, मग वाढा," असं वाढप्याला बजावायचे. असा माणूस उलटा कसा फिरला, ते ऐका.

नानांना एकच लेक, रंजना. आई लवकर गेली, नानांनीच तिला वाढवली. जावई शाळामास्तर, त्याला नेमणूक मिळाली कोकणातल्या एका लहानशा बेटावर. त्या बेटाचा किनारा पार उजाड झालेला. खाऱ्या चिखलात वाढणारी कांदळाची झाडं लोकांनी सरपणाला तोडून संपवलेली. त्या झाडांच्या मुळांत मासळी अंडी घालते, खेकडे राहतात. झाडं गेली तशी मासळी गेली, किनाराही ढासळायला लागला. मग गावच शहाणं झालं. पुरुषांनी तिथल्या खाडीत जाळी टाकणं बंद केलं. बायकांनी रोपं वाढवली आणि ओहोटीला चिखल उघडा पडला की लावायला घेतली. रंजना त्यात अशी रमली, की बाहेरून आलेली असूनही बायकांनी तिलाच पुढं केलं.

गणपतीला नाना लेकीकडं गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी ओहोटी बघितली आणि त्यांचा जीव खालीवर झाला. एवढं पाणी निघून चाललंय आणि ही माणसं नुसती बघत उभी! त्यात लेकीची कोवळी रोपं चिखलात उघडी. कोकणात गणपती म्हणजे सारं गाव घरात आणि आरतीत. खाडीकडं फिरकतो कोण? नानांना रान मोकळं मिळालं. रोज दगड वाहून त्यांनी खाडीच्या तोंडाला असा नामी बांध घातला, की आत आलेलं पाणी आतच राहिलं.

विसर्जनाला सारं गाव वाजतगाजत खाडीवर आलं. नाना धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून बांधावर उभे. बहुतेक हाराची वाट बघत असावेत. आणि समोर सारी रोपं गळ्याइतक्या पाण्यात, पानं पिवळी, मुळं कुजलेली. ताशा आपोआप थांबला.

एक म्हातारी रंजनाला म्हणाली, की बाहेरच्यांच्या हाती दिलं म्हणजे असंच व्हायचं. ते नानांनी ऐकलं. रंजनानं पहार घेतली, बांध फोडला आणि मग बापाकडं वळून म्हणाली, "आबा, पाणी येऊन जाया पायजे. कोंडलं की झाड मरतंय."

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या होडीनं नाना परत. रंजनानं पुढल्या साली बायकांच्या पाया पडून सगळं पुन्हा लावलं. बापाला किती वेळा बोलावलं, पण नाना हटून बसले. "माझ्यापायी पोरीला बोल लागला. मी न्हाई जात," एवढंच म्हणायचे आणि घड्याळात बघायचे.

मला एक दिवस राग आला. ऐन दिवाळीचं शिवण पडलेलं आणि ह्यांचं 'भरती आली, भरती आली'. मी कात्री आपटून म्हणालो, "नाना, तुमी समुद्रावर तर जात न्हाई, मग ह्या भरत्या मोजायच्या कावून?"

नाना खिशातला फोन चाचपत म्हणाले, "ओहोटीला ती चिखलात आसती, गुडघ्याइतक्या. पाणी भरलं की बाया घरी येत्यात, मग मी फोन लावतो. पोरीला पवाया येत न्हाई रे. धरणावर पोरीला कोण पवाया धाडतंय?"

मी कात्री उचलली आणि पुन्हा कापायला लागलो. मला लई वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात पुनव आली. उधाणाची भरती. नानांनी फोन लावला, कुणी उचलेना. पुन्हा लावला, नाही. जावई शाळेत, त्याचा बंद. नाना बाकड्यावरून उठून उन्हात जाऊन उभे राहिले. पोरांनी टवाळी केली नाही. मी मशीन थांबवली आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. व्हिडिओवर रंजनाचा चेहरा दिसला, गालाला चिखल, मागं बायकांचा हसण्याचा गलका. पाणी अचानक चढलं म्हणाली, फोन घरी राहिला होता. मग तिनं घराच्या दारातूनच फोन फिरवून खाडी दाखवली. कमरेइतकी हिरवी झाडं पाण्यात डोलत होती आणि काठाला काळ्या दगडांची एक ओळ.

"आबा, हे तुमचेच दगड. मी काठाशी लावून घेतलेत. पाणी चढलं की आमी साऱ्या ह्याच्यावरून वर येतोत. आजबी तसंच आलो. ती म्हातारी रोज इचारती, दगडवाला बाप कधी यायचा?"

नानांनी फोन माझ्या हातात दिला आणि फेट्याच्या टोकाचा बोळा तोंडावर धरून रडले. भर फाट्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना कॅलेंडरापुढं उभे राहून म्हणाले, होडी भरतीलाच धक्क्याला लागते, कोणत्या तिथीला निघू ते बघ. मी बघितलं. गेले. जाताना मी त्यांना बजावलं, की दगडाला हात लावायचा तर आधी लेकीला विचारायचं.

आता बाकडं रिकामं आहे आणि मापं बरोबर येतात. तरी काल एका गिऱ्हाइकाच्या पोटाला टेप लावलेला असताना माझीच नजर कॅलेंडरावर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "ओहोटी लागली." म्हणजे नाना आता लेकीबरोबर चिखलात असणार. पाणी भरलं की मी त्यांना फोन लावतो. जन्म धरणाच्या उशाला गेला, पण पोहायला त्या गड्यालाही येत नाही.