नाल्यातून घरपोच

आमच्या मोहल्ल्यात वस्तू दोनदा फेकावी लागते. पहिल्यांदा आपण ती मागच्या नाल्यात टाकतो. दुसऱ्यांदा केव्हा टाकायची हे केशोरावजींवर अवलंबून. कारण ते ती बांबूच्या आकड्याने बाहेर काढतात, हापशीवर धुतात, उन्हात वाळवतात आणि ज्याची त्याला नेऊन देतात.

आर्वीतला हा नाला पावसाळ्यात नदीसारखा वागतो, उन्हाळ्यात नसल्यासारखा. एका काठाला बेशरमाची झुडपं, दुसऱ्या काठाला आम्ही.

टीव्हीवर पाहून मी एकदा पोट कमी करायचा पट्टा मागवला होता. पोट राहिलं, पट्टा गेला. दुपारी सगळे झोपलेले पाहून, नाल्यात. दोन दिवसांनी केशोरावजी फाटकात उभे.

"भाऊ, हा पट्टा तुमचाच ना?" आवाज थेट चौकापर्यंत.

"माझं नाव आहे का त्यावर?"

"नाव काऊन पाह्यजे? एवढ्या मापाचं पोट या लाइनीत दुसरं कोनाचं हाय?"

शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका हसल्या. माझी बायको त्यांच्याही आधी हसली आणि वर तिनं केशोरावजींना चहा दिला.

चहा ते बशीतून पीत आणि पिता पिता तासभर बोलत. वडनेरची शेती, मुलाची पुण्याची नोकरी, वांग्याचा भाव. काकू गेल्यापासून घरी एकटेच. पण हातात कोणाची वस्तू नसेल तर कोणाचीही पायरी चढायचे नाहीत. "बिनकामाचं लोकाच्या घरी जाऊ नाई," हे त्यांचं पालुपद.

मग नाल्याला उंच जाळी लागली. त्यासाठीच्या अर्जावर सगळ्यात मोठी सही माझी. मोहल्ला नाइलाजाने घंटागाडीच्या मागे धावू लागला आणि केशोरावजींचा बांबू भिंतीला टेकला. ते आमच्या फाटकापर्यंत येत, कडीला हात लावत आणि पुढे जात.

"या ना काकाजी!" बायको हाक मारायची.

"काही सापडलंच नाई ना पोरी. काय म्हनून येऊ?"

परवा मात्र आले. हातात पितळेचा गंज, म्हणजे पातेलं, चिंचेनं घासून लख्ख केलेला.

"नाल्यात भेटला. तुमचाच असन."

त्या जाळीतून चहाचा चमचा जायची सोय नव्हती, तिथे एवढं मोठं पातेलं! "आमचा कुठला..." मी सुरुवात केली, तोच बायकोनं माझ्या पायावर पाय दिला. गंजाच्या काठावर काकूंचं नाव कोरलेलं होतं.

"अगं बाई! कवाची शोधून राह्यली होती मी याले. बसा, चहा ठेवतो."

केशोरावजी बसले. बशीत चहा ओतताना म्हणाले, "उद्या पाहतो. आनखी काही वाहून आलं असन त आनतो."

"आनजा. अन् नाई आलं तरी येजा, काकाजी."

"रिकाम्या हातानं?"

"मंग? बशी धराले रिकामेच हात लागतात ना!"

त्यांनी बशी तोंडाला लावली. चहा केव्हाच संपला असावा. बशी काही खाली येईना.