लॅपटॉपची दुपारची सुट्टी

परदेशात शिकताना केतकी समेळला वाटायचं, परतल्यावर नदीकाठच्या वीटभट्टीवरच्या बायकांना दुपारची सुट्टी आपण एका उन्हाळ्यात मिळवून देऊ. प्रत्यक्षात ती सुट्टी तिच्या नव्या लॅपटॉपला मिळाली.

मिळाली ती रीतसर. केतकीच्या अर्जावरून कामगार अधिकारी कुलथे भर दुपारी भट्टीवर आले. बायका उन्हात चिखल तुडवत होत्या आणि केतकी त्यांच्या जबान्या लॅपटॉपवर उतरवत होती. लॅपटॉप कोरा करकरीत, पण मांडीवर ठेववत नव्हता इतका तापलेला, आणि त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. कुलथ्यांनी त्याच्या पाठीला हात लावला, कान जवळ नेला आणि गंभीर झाले.

"हा कधीपासून असा आहे?"

"घेतल्यापासून. ते जाऊ द्या हो साहेब. आधी बायकांचं बघा."

कुलथे बायकांकडे गेले. बुधी वाघे हिला सातवा महिना होता. आदल्या दिवशी ती चिखलातच कोसळली होती. तिच्या पाठीशी कान नेऊन त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"काही वाजत नाही," ते म्हणाले.

"धापा टाकतेय ती!"

"धापा कोणीही टाकतं, मॅडम. पंखा वेगळा. उष्मा ऐकू आला तरच धरायचा, असा नियम आहे."

नियम खरा होता. मागच्या उन्हाळ्यात बुधीची जाऊ इथेच गेली. जाताना आवाज झाला नाही, म्हणून कचेरीने तो मृत्यू उष्म्यात धरला नव्हता.

लॅपटॉपला मात्र पावसाळा लागेपर्यंत बारा ते चार सुट्टी मंजूर झाली. आंब्याखाली सावली, बुडाशी ओलं फडकं आणि वारा घालायला पूर्ण मजुरीवर एक बाई. केतकीने तोंडात आलेला निषेध गिळला आणि बुधीचं नाव दिलं.

मुकादम गोटीराम भोईरने कपाळाला हात लावला, पण हुकूम पाळला. "बरी नोकरी लागली गं तुला," तो बुधीला म्हणाला. "पोराचं नाव आता कंपूटरच ठेव."

"ठेवीन की. त्याला तरी सावली मिळल," बुधी म्हणाली आणि सुपाने वारा घालू लागली.

बाकीच्या बायका चिखल तुडवता तुडवता मध्येच थांबून कान देत. पंखा वाजतोय ना, एवढंच ऐकत आणि पुन्हा पाय उचलत.

बुधीच्या पायांची सूज उतरली. पण सुट्टी लॅपटॉपलाही मानवली. काही दिवसांनी तो गार पडला आणि पंखा थांबला. गोटीरामने लगेच फोन लावला. कुलथे आले, कान लावला, समाधानाने मान हलवली.

"बरा झाला. उद्या दुपारी पुन्हा ऐकतो. नाहीच वाजला तर दोघंही कामावर रुजू."

"आणि बुधी? ती चिखलात पुन्हा पडली तर उठायची नाही, साहेब."

"सुट्टी लॅपटॉपची आहे, मॅडम."

ते गेल्यावर बुधीने सूप मांडीवर घेतलं. "ताई," तिने विचारलं, "मी जास्ती वारा घातला का गं?"

केतकीने लॅपटॉप मिटून पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी भट्टीवर आली. पेटत्या भट्टीला लागून, जिथे विटांना हात लावता येत नव्हता, तिथे तिने लॅपटॉप उघडून ठेवला. वारा जायच्या फटींत बोटाने ओली माती भरली आणि त्याला झेपणार नाही इतकं काम लावून दिलं. बुधी बाळंत होईपर्यंत त्याने जगायला हवं होतं, पुढचं पुढे. थोड्याच वेळात तो तापला आणि घरघरू लागला. केतकीने तो आंब्याखाली नेऊन ठेवला आणि बुधीला हाक मारून त्याच्याजवळ सावलीत बसवलं.

"सूप हातात धर," ती म्हणाली, "पण वारा घालू नकोस."