सगळ्यांनी यायचं हं

जयवंतानं पदर खोचून बैठकीत सतरंजी अंथरली, ती पुरणार नाही म्हणून शेजारी दोन चादरी टाकल्या, आणि तरीही माणसं मावायची कुठं या काळजीनं सोफा ढकलत बाल्कनीत नेला. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाण म्हणून लाड बाजारातून काचेच्या बांगड्यांची खोकी आणली होती. एवढी, की दुकानदारानं विचारलं, "अम्मा, दुकान खोल रहे क्या?"

दुकान तिचं आधीच जोरात चाललं होतं, मोबाइलवर. मुलगी मृण्मयी लग्न होऊन बंगळुरूला गेली आणि जाताना आईला व्हिडिओचा नाद लावून गेली. नवरा एकनाथराव सकाळी सुलतान बाजारातल्या कापडाच्या दुकानात जात ते रात्री येत, आणि आल्यावर त्यांच्याजवळ "वाढ" एवढाच एक शब्द उरलेला असे. मग जयवंता भाकरी थापता थापता मोबाइलशी बोलू लागली. सासूबद्दल, गुडघ्याबद्दल, नवऱ्याबद्दल. लाखभर लोक ऐकू लागले. "ताई, तुम्ही माझ्या आईसारख्या." "ताई, तुमच्या हातचं खायला कधी येऊ?" आता घर एकदा खरोखरच भरावं, एवढंच तिला हवं होतं.

दरवर्षी ती करंडा घेऊन बिल्डिंगमध्ये दारोदार बोलवायला जाई. यंदा तिनं व्हिडिओ टाकला : "हळदीकुंकू आहे, सगळ्यांनी यायचं हं." खाली पत्ताही दिला.

"समोरच्या त्रिवेणीकडं तरी जाऊन ये," एकनाथराव सकाळी म्हणाले होते.

"कशाला? पहिलं बदाम तिचंच आलंय व्हिडिओला."

दिवेलागणी झाली, कोणी आलं नाही. कॉफी दोनदा गरम झाली. "नक्की येणार" म्हणणाऱ्या बायका सांगलीत, सोलापुरात आणि दुबईत आपापल्या सोफ्यावर लोळत होत्या. असलं "नक्की" लिहायला एक बोट पुरतं, आणि ते बोटही त्यांनी सोफ्यावरून न उठता हलवलं होतं. बिल्डिंगमधल्या बायका तर हाकेच्या अंतरावर होत्या. पण दारात येऊन बोलावल्याशिवाय हळदीकुंकवाला जाणारी बाई अजून जन्माला यायची आहे.

तेवढ्यात बेल वाजली. जयवंता पदर सावरत धावली. दारात एक जाडजूड, मिशाळ इसम गजऱ्याचा पुडा घेऊन उभा होता.

"कोण पाहिजे जी?"

"ताई, मी मोगऱ्याची वेणी."

जयवंतानं दाराची चौकट धरली. 'मोगऱ्याची वेणी' म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण. व्हिडिओखाली रोज न चुकता लिहिणारी. गर्भाशयाच्या ऑपरेशनपासून नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत सगळं जयवंतानं तिला खासगीत सांगितलेलं.

"तू बाई नाहीस?"

"नाही ना ताई. संदेश माझं नाव. इथं बँकेत आहे, मूळचा उदगीरचा. गड्याच्या नावानं लिहिलं की बायका ब्लॉक करतात. मला नुसती भाकरी बघायची असते हो. गुडघ्याला निर्गुडी बांधली का?"

तिनं कुणाला सांगितलं नसतं, पण त्या आठवड्यात निर्गुडीची आठवण करून देणारा तो पहिलाच माणूस होता.

"अरे, पण हे बायकांचं असतं."

"तुम्ही 'सगळ्यांनी' म्हणालात, म्हणून रूमवरच्यांना पण आणलंय." त्यानं जिन्याकडं बघून हाक मारली, "या रे, ताई घरीच हैत."

अमीरपेटच्या हॉस्टेलात सांबार खाऊन पिचलेले नांदेड, परभणी आणि आदिलाबादचे बाप्ये एकामागून एक वर चढले. हळदीकुंकवाच्या दिवशी उंबऱ्याशी आलेल्याला परत कसं पाठवायचं? जयवंतानं सगळ्यांना कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि बांगड्यांचं एकेक खोकं हातात ठेवलं.

"ताई, बांगड्या भरण्याएवढं काय चुकलं आमचं?" परभणीवाल्यानं विचारलं.

"आईला ने, मुडद्या."

एकनाथराव दुकानातून आले ते दारातच थबकले. सतरंजीवर रांगेनं कुंकू लावलेले गडी, मांडीवर बांगड्या.

"जयवंता, मृण्मयीचं लग्न झालंय ना? मग हे कुणाला बघायला आलेत?"

संदेश वाकून त्यांच्या पाया पडला. "काका, घोरणं आता कसंय? कुशीवर झोपून बघितलं का?"

एकनाथरावांनी बायकोकडं असं बघितलं, की ती कॉफी बघायच्या निमित्तानं आत पळाली.

एवढी गडबड ऐकून समोरचं दार उघडलं आणि गाऊनवर टॉवेल टाकलेली त्रिवेणी डोकावली.

"काय करायलीस गं? हळदीकुंकू का मिशीकुंकू?"

"ये ना आत," जयवंता दारात येत म्हणाली.

"मी बघायला आलेय. आमंत्रण कुठंय मला?"

"व्हिडिओ बघितलास की. बदाम पण टाकलंस."

"बदाम काय, मी गाढवांच्या व्हिडिओला पण टाकते. वीस वर्षं समोर राहतेस. चार पावलं चालवेना तुला?" त्रिवेणीनं दार धाडकन लावलं.

जयवंतानं मागं वळून बघितलं. आत तिचे लाखातले दहा-बारा कॉफी भुरकत होते, बाहेर दार बंद होतं. शेवटी तिनं करंडा उचलला, चार पावलं चालली आणि बेल दाबली. कोणी उघडेना. तिनं पुन्हा दाबली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"जयवंता."

"कोण जयवंता? लाखवाली?"

"समोरची," जयवंता हळूच म्हणाली. "हळदीकुंकवाला ये गं. कोणी आलंच नाही."

आत थोडा वेळ सळसळ झाली. दार उघडलं तेव्हा त्रिवेणी डांबरगोळीच्या वासाची हिरवी नारायणपेठ नेसून उभी होती, केसात वेणीसुद्धा.

"खाली पण जा," ती म्हणाली. "सगळ्याजणी फुगून बसल्यात."

जयवंता गुडघा धरत मजल्यामजल्यावर गेली. शिव्या खाल्ल्या आणि बायका घेऊन वर आली. मग जागा पुरेना म्हणून गड्यांना बाल्कनीतल्या सोफ्यावर कोंबलं. बायका जोडव्यांपासून जावयांपर्यंत बोलल्या. संदेशला तर तीन स्थळं सांगून आली. एकनाथरावांनी ट्रे फिरवला आणि त्या रात्री जन्मात बोलले नसतील एवढं बोलले, बहुतेक घोरण्याच्या खुलाशापायी.

सगळे गेल्यावर त्रिवेणी मागं रेंगाळली. पदर सारखा करत तिनं इकडंतिकडं बघितलं.

"व्हिडिओ कधी टाकणार?"

"काढलाच नाही गं. मोबाइल कुठंय तेच आठवेना."

त्रिवेणीचा चेहरा पडला. "म्हणजे ही नारायणपेठ मी त्या मिशाळांसाठी नेसले?"

"उद्या ये मग नेसून. काढू."

"अशी कशी येईन?" दाराकडं वळत त्रिवेणी म्हणाली. "घरी येऊन बोलाव."