साधा स्क्रू जंतू मारतो तेव्हा

मंडळी, माझ्या नाकाबद्दल आधीच सांगून ठेवतो. नाकानं वाइन ओळखणारे जॉर्जियातल्या आमच्या तिबिलिसीत गल्लोगल्ली सापडतील. पण फेजचं द्रावण तयार झालं की नाही, हे नुसत्या वासावरून सांगणारा माणूस एकच. मी, बद्री!

फेज म्हणजे जंतूंना मारणारे विषाणू. लहानपणी पोट बिघडलं की आई त्यांची बाटली काढायची. मी तेच हाडात बसवायच्या स्क्रूवर लेपासारखे चढवायला निघालो होतो. स्क्रूवर जंतू आले, की तिथल्या तिथे फडशा!

आमच्या डॉक्टर मेदेआ हाडांच्या सर्जन. त्यांचा एक पेशंट, म्हातारा गवंडी, खुब्यातल्या कृत्रिम सांध्यात पू होऊन सारखा ऑपरेशनच्या टेबलावर येत होता. त्याच्याच पुवातले जंतू त्यांनी माझ्याकडे पाठवले.

"औषधं थकली, बद्री. आता माणूसही थकलाय. शुक्रवारी येते. पुरावा दाखव."

"पुरावा? डॉक्टर, तुम्ही फक्त टाळ्या वाजवायला या!"

काम तसं सोपं होतं. दोन डिशमध्ये ते जंतू वाढवायचे. एकीत लेपाचा स्क्रू, दुसरीत साधा. लेपाच्या स्क्रूभोवती जंतू मरायला हवेत, साध्याभोवती माजायला हवेत.

सकाळी प्रयोगशाळेत येऊन पाहतो तर दोन्हीकडे स्मशानशांतता! साधा, बिनलेपाचा, गरीब गाईसारखा स्क्रू, आणि जंतूंचा खाटीक निघाला! अशानं माझ्या लेपाला विचारतो कोण?

माझी नजर शेजारच्या टेबलाकडे वळली. तिथं नुगझार बसतो. माझा जिवलग मित्र, माझ्या लेकीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. पण स्क्रूसाठी त्याचा स्वतःचा चांदीचा लेप होता, आणि शुक्रवारी तोही डॉक्टरांना दिसणार होता!

"नुगझार, माझ्या डिशना हात लावलास?"

"मी तुझ्या चहालाही हात लावत नाही. काल त्यात माशी होती."

किती सफाईदार उत्तर! निर्दोष माणूस जरा तरी अडखळतो!

मी फ्रिजला कुलूप ठोकलं आणि किल्ली गळ्यात घातली. घरी बायकोनं, नातेलानं, ती बरोबर पाहिली.

"कुणाच्या घराची?"

"फ्रिजची."

"बद्री, खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोल!"

आता घरातही संशय! मी मात्र मागे हटलो नाही. कुणी काही मिसळलं तर वासावरून कळेल म्हणून येता-जाता प्रत्येक डिश उघडून नाक आत घालू लागलो. पहारा वाढवला तसे जंतू जास्तच मरू लागले! शेवटी नुगझार जेवायला गेल्यावर मी त्याच्या टेबलावरच्या सगळ्या बाटल्या हुंगून आलो. पुरावा काही मिळाला नाही.

शुक्रवारी सकाळी नुगझारची डरकाळी जिन्यापर्यंत ऐकू आली. त्याच्या बाटल्यांतले दुधासारखे गढूळ जंतू मरून पाणी नितळ झालं होतं!

"तूच केलंस हे! मी तुझ्या लेकीचा धर्मपिता, आणि तू माझे जंतू मारतोस?"

"आधी माझे कोणी मारले?"

आम्ही एकमेकांच्या एप्रनला धरून उभे असतानाच डॉक्टर मेदेआ आत आल्या. त्यांनी आम्हाला सोडवलं नाही. सरळ कापसाच्या काड्या काढल्या आणि आमचे हात, एप्रन, दाराची मूठ, सगळं पुसून घेतलं. मग माझ्या मेण लावून वळवलेल्या मिशीवर त्यांची नजर थांबली.

"ही कुठेकुठे जाते?"

"माझ्याबरोबरच असते, डॉक्टर!"

एकेक काडी जंतूंच्या वेगवेगळ्या डिशवर फिरवली. दुसऱ्या दिवशी सगळ्या डिश जंतूंनी भरगच्च, एकच लख्ख मोकळी. तिच्यावर लिहिलं होतं 'मिशी'. द्रावणाचा वास घेताना मिशी माझ्याआधी आत बुडत होती, आणि तिथून निघाली की डिशाडिशांत फेज पेरत होती!

मी नुगझारकडे पाहिलं. "नुगझार, मी..."

"बोलू नकोस. हलशील तर ओठ कापला जाईल." कात्री त्याच्या हातात होती. बहुतेक, माफी मिळाली होती.

मिशीविना प्रयोग चोख झाला. साधा स्क्रू जंतूंनी माखला, लेपाचा चकचकीत राहिला. डॉक्टरांनी तेच फेज द्रावण म्हणून गवंड्याच्या जखमेत सोडले. पू ओसरला. काही आठवड्यांनी तो काठी टेकत स्वतः आला आणि आमच्या खिडकीची भेगाळलेली चौकट बघून ती बसवणाऱ्या गवंड्याला शिव्या घालून गेला!

पण काही दिवसांनी स्क्रूवरचा लेप वाळला की त्यातले फेज मरायचे. डब्यात पडलेली माझी कापलेली मिशी मात्र अजून जंतू मारत होती; तिच्या मेणात फेज जिवंत होते!

"कसलं मेण हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"सासूबाई करतात. त्यात काय घालतात ते सांगत नाहीत. मी विकीन असा त्यांना संशय आहे!"

ते मेण हाडात घालता येत नाही, पण त्यावरून नुगझारनं फेज जिवंत ठेवणारा एक वेगळा लेप शोधला. त्यावरचा लेख नुकताच छापून आला. लेखक नुगझार आणि डॉक्टर मेदेआ. आभार, सासूबाईंचे.

माझं नाव? ते शोधत मी लेख शेवटापर्यंत वाचला. नाव नाही, पण उल्लेख आहे हो! 'वापरलेलं साहित्य' या मथळ्याखाली, कापसाच्या काड्यांनंतर: 'मिशी, मध्यमवयीन पुरुषाची, एक.'